शिवणीची काठवट

महिपतने जन्मभर कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचं लोखंड ठोकलं आणि रिटायर झाल्यावर त्याला लाकडाचा पुळका आला. गोजरचं म्हणणं, ज्याला त्याची बायको समजली नाही त्याला लाकूड काय समजणार. पण हे म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि गोजरला विचारायची वाट बघायची सवय नव्हती. ती पाणवठ्यावर बोलायची, भाताच्या गिरणीत बोलायची, देवळाच्या पायरीवर चपला काढता काढता बोलायची. शहापुराहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवली मागे टाकून आत वळलं की त्यांचं गाव लागतं. गावात दुसरी करमणूक फारशी नव्हती. गोजर बोलते आणि महिपत ऐकतो, हे बघायला लोक मुद्दाम त्यांच्या ओटीवर टेकत.

आधी त्याने पोरांसाठी तुणतुणी केली. तुणतुण्याला तार चढवली की खुंटी फिरायची, खुंटी धरली की तार सैल पडायची. मोबाइलवर केस वाढवलेला कुणी पोरगा लाकूड कसं तासायचं ते दाखवायचा, आणि हा चष्मा नाकावर ओढून परसात बसायचा.

"काय करताव?" गोजर विचारायची.

"सूर लावतोय."

"लावा. म्हशीनं दूध आटवलं त्या सुरानं."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. गेल्या माघात मात्र हा माणूस चारचौघांत तोंड उघडून बसला. देवळात सप्ता होता. सप्त्याची वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, ज्याच्या त्याच्या पहाऱ्याला, रात्र नाही की दिवस नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, मग वीणा गळ्यात घ्यायची. बाप असो, पोरगं असो, भाऊबंदकीत बोलणं बंद असलेला चुलता असो, डोकं ठेवल्याशिवाय वीणा मिळत नाही. तर असे सात दिवस सुखरूप गेले, काला झाला, वीणा उतरवून कोनाड्यात ठेवली, आणि त्याच संध्याकाळी भोंगा उतरवणाऱ्या पोरांच्या हातातून त्याची पेटी सुटली ती नेमकी तिच्यावर. भोपळ्याचा चुरा झाला, त्याच्या तोंडावरची पातळ फळी, तबली, उभी फाटली. दांडी आणि खुंट्या तेवढ्या वाचल्या.

सगळे हळहळत होते. महिपत पुढे झाला आणि दांडी छातीशी धरून म्हणाला, "पुढल्या सप्त्याला ही वीणा मी उभी करून देतो. भोपळा नको, लाकडाचंच पोट करतो तिला. माझा शब्द."

गोजर बायकांत बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. बायकांना वाटलं, गहिवरली.

शब्द दिल्यावर लाकूड आलं. पहिलं आंब्याचं. ओल्याचे ठोकळे वखारीतून कापून आणले आणि हा शहाणा ते पत्र्यावर उन्हात टाकून मोकळा झाला. उन्हाळा मुरबाडकडचा, पत्रा तापून तव्यासारखा. ठोकळे फाटले ते असे की त्यात बोट जावं.

"पापड बरे झालेत," गोजर म्हणाली. "तळू का?"

महिपत काही बोलला नाही. त्याची हीच खोड तिला सगळ्यात जास्त डाचायची. माणूस उलटून बोलला तर भांडणाला चव येते. हा नुसता मान हलवायचा आणि पुन्हा चुकायला जायचा.

दुसऱ्या खेपेला त्याने शिवण आणली. शिवणीचं लाकूड हलकं, वळत नाही, फुगत नाही, आणि ठोकलं की बोलतं. बांधावरचं झाड त्याने वैशाखाच्या अवसेला तोडलं, कारण अवसेच्या लाकडाला कीड लागत नाही असं जुने लोक सांगतात. कापलेल्या तोंडांना शेण लिंपलं, म्हणजे लाकूड तोंडाकडून घाईने सुकून फाटत नाही. फळ्या काढल्या. आणि मग त्याने शिडी लावली, एकेक फळी खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढवली. बापाने नांगराचं लाकूड तिथेच वाळवलं होतं. आजाने मुसळं तिथेच वाळवली होती. चुलीच्या वरचा माळा, खालून बारा महिने धूर, पावसाळाभर ऊब. त्या धुरात लाकूड असं मुरायचं की भुंगा जवळ फिरकत नसे.

गोजर खाली उभी राहून बघत होती. भावना, तिची सून, गॅसवर भात ठेवत होती. चूल मोडून त्या जागी ओटा बांधला त्याला पोराच्या लग्नाइतकी वर्षं झाली होती. माळ्याला शेवटचा धूर कधी लागला, ते कुणाला आठवतही नव्हतं.

एक शब्द बोलली असती तर शिवण वाचली असती. ती बोलली नाही. महिपत घामाघूम होऊन शिडीवरून उतरला, वर बघून समाधानाने हात झाडले, आणि गोजरने त्याला तांब्याभर पाणी दिलं. इतकं मायेने दिलं की तो दचकला.

पावसाळा तिने मजेत काढला. दिवाळीच्या आसपास भावनाने भाताचं झाकण काढलं आणि म्हणाली, "आई, भातावर हे काय भुरभुरलंय?"

गोजरने बोटावर घेऊन बघितलं. पिठासारखा बारीक पिवळा भुसा. तिने वर बघितलं आणि हाक मारली, "अहो, या. तुमची शिवण जेवायला वाढतेय."

महिपतने फळी खाली घेतली. भुंग्याने ती कडेकडेने पोखरून काढली होती, उजेडाला धरली तर चांदणं दिसावं. तो फळी हातात घेऊन उभा राहिला. मग ओट्याकडे बघितलं. गॅसकडे बघितलं. निळी ज्योत जळत होती आणि तिला धूर नव्हता.

"चूल," तो म्हणाला.

"कळलं का?" गोजर म्हणाली. "लवकर कळलं. मला वाटलेलं पुढला पावसाळा जाईल."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला, तशी गोजरने नाव घेतलं.

*शिवणीची फळी, तिची भुंग्यानं केली चाळण,*
*महिपतरावांचं लाकूड म्हणजे माझ्या न्हाणीचं जळण.*

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. दुसऱ्या दिवशी तो उखाणा गिरणीवर होता, तिसऱ्या दिवशी शहापूरच्या बाजारात कुणीतरी महिपतला ऐकवला.

त्याच बाजारातून तो स्टीलची परात घेऊन आला. चकचकीत, तोंड दिसणारी. कागदातून काढली आणि म्हणाला, "तुला आणली. भाकरीला. आता हात दुखतात ना तुझे."

गोजरने परातीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग भिंतीवर टांगलेल्या काठवटीकडे.

ती काठवट तिच्या बापाने कोरलेली. बाप डोळखांबकडचा, डोंगराच्या पायथ्याशी दोन खाचरं आणि एक शिवण. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने शिवण पाडली, बुंध्याचा गोल ठोकळा घेतला आणि पावसाळाभर ओटीवर बसून पोखरला. सासरी येताना ती गोजरच्या डोक्यावर होती. तेव्हापासून तिच्यात रोज नाचणीचं पीठ, तांदळाचं पीठ, कढत पाणी, आणि वरून तळहाताची रग. रोज भिजली, रोज वाळली, रोज भिजली. लाकडाने काय काय पचवायचं असतं ते सगळं ती पचवून बसली होती. मळताना गोजर गुणगुणायची. शिव्या द्यायचं तोंड तेवढ्या वेळेपुरतं दुसऱ्या कामाला लागायचं.

*बापानं दिली बाई, काठवट शिवणीची,*
*पिठाच्या गं उंड्याला, सय येते माहेराची.*

*मळून मळून गेली, रेघ माझ्या हाताची,*
*काठवटीत उमटली, वाट माझ्या गावाची.*

गेल्या आठवड्यात तिने महिपतला बघितलं होतं. घरात कुणी नाही असं समजून तो भिंतीपाशी गेला, बोटाच्या पेराने काठवटीच्या पाठीवर टक केलं, आणि कान लावून उभा राहिला. काठवट बोलली. दारात उभ्या गोजरने ते ऐकलं. घरात कोरडं, मुरलेलं, न फाटणारं लाकूड एकच होतं, आणि त्याला आधीच पोटाचा आकार होता.

आणि आता ही परात.

"चोर कुत्र्याला आधी भाकरी टाकतो," गोजर म्हणाली. "आमच्या बापानं सांगितलेलं."

"कसला चोर? मी आपला..."

"तुमी आपले. माझ्या काठवटीला हात लावला ना, तर सप्त्याला वीणा नाय, तुमची कवटी वाजवतील लोक. बरी पोकळ हाय."

महिपतने मान हलवली. परात ओट्याखाली सरकवली. दुपारी तो म्हशीला घेऊन गेला तशी गोजरने काठवट उतरवली, जुन्या लुगड्यात बांधली आणि भाताच्या कणगीत खोल पुरली. भिंतीवर फिकट गोल तेवढा उरला. संध्याकाळी महिपतने तो गोल बघितला. गोजर परातीत पीठ मळायला बसली, तर परात शेवाळावरच्या म्हशीसारखी इकडून तिकडे घसरत राहिली. भाकऱ्यांच्या कडा फाटल्या. जेवताना सगळे तुकडे वेचून खात होते.

"बोला," ती म्हणाली. "फाटल्यात म्हणा."

"चांगल्या झाल्यात," महिपत म्हणाला, आणि तिला तो त्या क्षणी फार म्हणजे फार कुचकामी वाटला.

सप्ता आठवड्यावर आला तेव्हा भजनी मंडळ ओटीवर जमलं. मध्ये कोंडूबुवा. बुवांचा गळा एका काळी गोड होता म्हणतात, तो काळ बघितलेलं माणूस आता गावात उरलं नव्हतं. बुवांनी जुनी दांडी हातात घेतली, खुंट्या फिरवून बघितल्या, आणि हसले.

"महिपतशेट, दांडी तर हाय. खाली काय बांधायचं, भावनाचा कुकर?"

ओटी हसली.

"वेळ दिला होता ना तुमाला," बुवा पुढे म्हणाले. "वर्ष दिलं. आंबा झाला, शिवण झाली. आता नाद सोडा. कल्याणला तयार मिळते, पोरं जाऊन आणतील. तुमी पंगतीत पत्रावळ्या मांडा. जमंल ना? त्याला लाकूड लागत नाय."

पुन्हा हसू. मग मागून कुणीतरी हळूच उखाणा म्हटला. चाळण. जळण. तोच, गोजरचा.

महिपत मांडीवरचा भुसा झटकत होता. मांडीवर भुसा नव्हता.

गोजर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला राग आला, पण कुणाचा ते तिला लगेच उमगेना. ज्या उखाण्यावर बायका लोळल्या होत्या तो तिने स्वतः जुळवला होता. नवऱ्याला कुचकामी म्हणणं हे तिने इतकी वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवलेलं भांडं होतं. आणि हा कोंडू, ज्याच्या आवाजाने एकादशीला कुत्री कुंपणं ओलांडून पळत, तो ते भांडं उचलून त्यात आपलं तोंड धूत होता. उष्टं करत होता.

ती आत गेली. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. भाताच्या कोंड्याने केस पिवळे झाले तसेच ठेवून बाहेर आली, आणि लुगडं सोडून काठवट बैठकीच्या मधोमध पालथी मारली. मग मुठीने ठोकली.

काठवट घुमली.

"हे पोट," ती म्हणाली. "आता कोण काय बोलतंय?"

बुवांनी खाकरून घेतलं. "काठवटीची वीणा? गोजरबाई, अभंगात पीठ सांडंल."

"तुमच्या गळ्यातून काय सांडतं ते गाव रोज ऐकतंय, बुवा. त्यापरीस पीठ बरं."

महिपत काठवटीकडे बघत होता. हात पुढे करत नव्हता. "गोजर," तो म्हणाला, "ती नको. तुझ्या बापाची..."

"तुमाला कोण विचारतंय? तुमी लाकडाला विचारा." मग ती बुवांकडे वळली. "एक हाय. पहाऱ्यात बायकांची नावं लागतात ना दुपारची? माझं नाव यांच्या नावाच्या आधी लावायचं. लगेच आधी. मधी दुसरं कोण नको."

"एवढंच ना?" बुवा म्हणाले. त्यांना वाटलं, बाईला मान हवाय. महिपतलाही तसंच वाटलं.

तो कामाला लागला आणि गोजर त्याच्या डोक्यावर उभी राहिली. काठवटीचा काठ घासून सपाट करताना ती म्हणायची, तिरका गेला. पाठ तासून पातळ करताना म्हणायची, आता भोक पाडा म्हणजे सुटलात. तो तासायचा, ठोकून ऐकायचा, पुन्हा तासायचा. पोखरलेल्या शिवणीच्या फळीत भुंग्याने फक्त कडेचं पांढरं लाकूड खाल्लं होतं, मधला गाभा शाबूत होता. त्यातून त्याने तबली काढली, काचेच्या तुकड्याने खरवडून पानासारखी केली.

"भुंग्याचं उष्टं," गोजर म्हणाली.

मग त्याने काठवट उताणी केली आणि आतून रंधा लावायला घेतला. आत मधोमध एक खळगा होता. तळहाताच्या टाचेने, रोज एकाच जागी, एकाच बाजूला रेटून पडलेला.

"तिथं लावायचं नाय," गोजर म्हणाली.

"आतून सारखं केलं तर आवाज..."

"नाय म्हटलं ना."

महिपतने रंधा उचलला. त्या खळग्यात स्वतःचा तळहात ठेवून बघितला. तो बसला नाही, हात मोठा होता. मग त्याने वरून तबली चिकटवली आणि दोऱ्यांनी आवळून ठेवली. खळगा आत गेला. आता तो कुणाला दिसणार नव्हता.

वीणा सप्त्याला उभी राहिली. आवाज काही स्वर्गातला नव्हता. जाडसर होता, थोडा आखूड, जेवून उठलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. पण खुंट्या धरून राहिल्या आणि तारा उतरल्या नाहीत. पहिला पहारा कोंडूबुवांचा. उतरल्यावर ते म्हणाले, "बरी हाय." लोक महिपतच्या पाठीवर थापा मारू लागले. आठवड्यापूर्वी हसलेले तेच लोक, तेच हात. गोजर लांबून बघत होती. हसायचं तरी नीट हसावं माणसाने.

तिची पाळी चौथ्या दिवशी दुपारी आली. पंगती उठल्या होत्या, मंडपात चार म्हातारे पेंगत होते, बुवा खांबाला टेकून टाळ मांडीवर ठेवून बसले होते. तिने आधीच्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं आणि वीणा गळ्यात घेतली. काठवटीची पाठ तिच्या पोटाशी आली. जिथे ती मळायला बसताना टेकायची, तिथेच. तिने तार छेडली. घुमलेलं ते तिच्या बरगड्यांत शिरलं, आणि तिला क्षणभर वाटलं, डोळखांबच्या ओटीवर कुणीतरी पोखरायला बसलंय. तिने डोळे मिटले नाहीत. डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या बायकांचा तिला तिटकारा होता.

पहारा संपला. महिपत आला. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. तो समोर उभा राहिला आणि वीणा घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

गोजर वाजवत राहिली.

"दे," तो हळू म्हणाला. "टाइम झाला."

ती वाजवत राहिली. पेंगणारे म्हातारे जागे झाले. बुवांनी मान वर केली. महिपतने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे, आणि मग ओटीवर ती काय बोलली होती ते त्याच्या डोक्यात सावकाश, पॅसेंजर घाट चढावी तसं चढत आलं. लगेच आधी. मधी दुसरं कोण नको.

त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. तो वाकला. गुडघे कटकन वाजले, टोपी सरकून खाली पडली, आणि साऱ्या मंडपासमोर महिपतने गोजरच्या पायावर डोकं ठेवलं.

रिवाजाला नुसतं टेकवलं तरी चालतं. त्याने ठेवलं. गोजरने त्याच्या डोक्याकडे वरून बघितलं. मधोमध टक्कल, आणि कानामागे केसांत अजून शिवणीचा भुसा अडकलेला. अंघोळसुद्धा नीट करता येत नाही या माणसाला. लागला असता त्याहून जास्त वेळ तिने त्याला तसाच राहू दिला.

मग वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घातली आणि पुटपुटली, "नीट धरा. तुमच्या बापाची नाय ती."

घरी येऊन तिने ओट्याखालची परात ओढली, खाली ओलं फडकं घातलं आणि पीठ मळायला घेतलं. परात फडक्यावर जागच्या जागी राहिली. देवळातून वीणा ऐकू येत होती. कोण वाजवतंय ते सांगावं लागत नव्हतं, दोन ठोक्यांमध्ये जागा म्हणून ठेवायचा नाही.

"फास्ट लोकल पकडायचीय जशी," गोजर म्हणाली. "हात बघ कसा पडतोय मेल्याचा."

भावना हसली. गोजर त्याच ठेक्यावर भाकरी थापत होती, ते सुनेने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"भावना," सासू म्हणाली, "बुवांना सांग गो, पुढल्या साली माझे दोन पहारे लावा. दोन्ही यांच्या आधी."